फॉरमॅट राहू दे, आधी पॉवर सप्लाय तपासा

दोनदा फॉरमॅट करूनही गेम सुरू केला की पाच मिनिटांत पीसी रीस्टार्ट होतोय म्हणता, मग विंडोजच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. सिस्टम प्रॉपर्टीजमधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढा. आता निळी स्क्रीन येऊन थांबली तर तिच्यावरचा कोड टिपून घ्या, बहुधा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) नाहीतर रॅमची (पीसीच्या मेमरीची) भानगड असेल. पण तरीही दिवा विझावा तसा फट्कन बंद होत असेल, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा उष्णतेत.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणून चोर सापडला असं समजू नका (मी समजलो होतो!). मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ते सांगतं.

माझाही पीसी महिनाभर असाच छळत होता. मेमटेस्ट (रॅमची चाचणी) रात्रभर चालवली, एकही एरर नाही. प्रोसेसर ७० अंशांच्या वर जात नव्हता. शेवटी लक्षात आलं, ग्राफिक्स कार्डचा पंखा घूं करून जोरात फिरायला लागला की पुढच्याच क्षणी अंधार. मित्राचा पॉवर सप्लाय लावून पाहिला, दुखणं गायब. पॉवर सप्लायची १२ व्होल्टची लाइन लोडवर, म्हणजे गेम चालू असताना, ११.४ च्या खाली जायला नको. सॉफ्टवेअर दाखवतं तो व्होल्टेजचा आकडा मात्र अंदाजापुरताच धरा.

आणि हो, पॉवर सप्लायचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज राहतो, शॉक बसू शकतो.

रॅमच्या दोन स्टिक असतील तर एकेक लावून बघितली का?