पाणबुडीचा कप्तान आणि अणुबाँबच्या किल्ल्या: शिस्त आपोआप येते म्हणे!

गलबत: काल एका काकांनी ठोकून दिलं की अणुशस्त्रांची राखण नौदलातल्या माणसाकडे दिली की शिस्त आपोआप येते. पुरावा काय, तर अमेरिकेचे "अ‍ॅडमिरल" लिंटन ब्रूक्स. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण चहा गार झाला तरी डोकं गार होईना, म्हणून वेगळा धागा.

एक तर ब्रूक्स अ‍ॅडमिरल नव्हते. तीसेक वर्षांच्या नोकरीनंतर कॅप्टन म्हणून बाहेर पडले. आणि काकांनी गोष्टीचा शेवट सोयीस्करपणे गाळलाय. २००२ मध्ये एनएनएसए, म्हणजे अमेरिकेची अण्वस्त्रं सांभाळणारी सरकारी संस्था, त्यांच्या हाती आली आणि जानेवारी २००७ मध्ये ऊर्जामंत्री बॉडमन यांनी त्यांना घरी बसवलं. अल्बुकर्कीच्या कार्यालयातली १,५०० जणांची वैयक्तिक माहिती हॅकरने पळवल्याचं ब्रूक्सना सप्टेंबर २००५ मध्ये कळलं होतं. मंत्र्यांना कळलं जून २००६ मध्ये! त्यावरून ओरडा चालू असतानाच ऑक्टोबरात पोलीस ड्रग्जच्या भानगडीत एका ट्रेलरमध्ये शिरले, तर तिथे लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेचे गोपनीय कागद आणि पेन ड्राइव्ह. कुठे गेली ती पाणबुडीतली शिस्त?

इंजिनरूम: ते काका मीच. अ‍ॅडमिरल म्हटलं ही चूक, कबूल. झालं समाधान?

आता उरलेलं ऐका. मी पंधरा वर्षं नौदलात खलाशी होतो. रात्री बारा ते चारची वॉच घेताना आधीचा माणूस फिरवून दाखवतो: हा पंप बंद, या व्हॉल्व्हवर टॅग. मी हात लावून बघायचं, मग लॉगमध्ये सही. सही झाली की पंप माझा. चारला पाच मिनिटं कमी असताना बिघडला तरी माझाच. ब्रूक्स अशा जगातून आले. लॉस अलामोस २००६ च्या मध्यापर्यंत कॅलिफोर्निया विद्यापीठ चालवायचं, मग एका खासगी कंपनीकडे गेलं, आणि कागद घरी नेणारी मुलगी पोटकंत्राटदाराची. यात सही कोणाची, सांगा. शिवाय सोव्हिएत संघाबरोबरच्या अण्वस्त्रकपातीच्या स्टार्ट कराराच्या वाटाघाटींत अमेरिकेच्या शिष्टमंडळाचे प्रमुख हेच होते. १९९१ च्या त्या कराराने दोन्हीकडच्या वॉरहेड्सना ६,००० ची मर्यादा घातली. तुम्ही एक पेन ड्राइव्ह धरून बसलात.

तिरकस: काका, वाटाघाटी उत्तम करणं वेगळं आणि नऊ महिने साहेबाला न सांगणं वेगळं. हॅकिंगच्या लॉगवर सही कोणाची होती? की तिथेही पोटकंत्राटदार?

आणि नौदलाचीच शिस्त बघायची तर आपले अ‍ॅडमिरल डी. के. जोशी बघा. २६ फेब्रुवारी २०१४, मुंबईजवळ समुद्रात सिंधुरत्न पाणबुडीवर आग, दोन अधिकारी गेले, आणि त्याच दिवशी नौदलप्रमुखांचा राजीनामा. ब्रूक्सना काढावं लागलं.

इंजिनरूम: राजीनाम्याचं कौतुक सांगू नका हो. पाणबुड्यांच्या बॅटऱ्यांवरून तेव्हा किती ओरड झाली ते आठवतं का? फायली दिल्लीत, आणि गेला कोण? वर्दीवाला. मंत्री जागचा हलला नाही. राजीनामा दिला त्याच दिवशी मंजूर. बॅटऱ्यांच्या फायलीला असा वेग कधी आला होता?

मंजिरी: मग सिंधुरक्षक पाणबुडीच्या वेळी का नाही दिला? ऑगस्ट २०१३, मुंबईच्या गोदीत, १८ माणसं. आमच्या कुलाब्याच्या घरातून आकाश लाल दिसलं होतं. सहा महिन्यांनी नैतिकता जागी झाली.

इंजिनरूम: ताई, खिडकीतून आग बघणं आणि आगीत असणं यात फरक असतो. त्या बोटीवरच्या दोघांबरोबर मी जेवलोय. जपून लिहा.

मंजिरी: माफ करा, हे माहीत नव्हतं. प्रश्न मात्र मागे घेत नाही.

तिरकस: नैतिक जबाबदारी म्हटलं की आपल्याकडे आर. आर. आबा. २६/११ नंतर गेले आणि वर्षभरात पुन्हा गृहमंत्री. निदान ब्रूक्स त्या खुर्चीवर परत आले नाहीत.

गलबत: धागा ब्रूक्सवर आहे, याची नम्र आठवण. चाललंय ते वाचायला मजा येतेय, ते सोडा.

गेट नं. २: मला वर्दी-बिनवर्दीचं काही नाही. ब्रूक्सनंतर आलेले डॅगोस्टिनोही पाणबुडीवालेच. त्यांच्या काळात, २८ जुलै २०१२ ला, ओक रिजच्या वाय-१२ या अण्वस्त्र कारखान्यात तीन शांततावादी कुंपणं कापून थेट समृद्ध युरेनियमच्या कोठारापर्यंत पोचले. त्यातली एक नन ८२ वर्षांची. भिंतीवर रक्त शिंपडलं, घोषणा लिहिल्या. काही कॅमेरे बंद पडलेले होते. नोकरी कोणाची गेली? सगळ्यात आधी तिथे पोचलेल्या गार्डची. डॅगोस्टिनो पुढच्या जानेवारीत निवृत्त.

माझे वडील एका कारखान्याच्या गेटवर २२ वर्षं होते. मागच्या भिंतीचा दिवा आणि कॅमेरा बंद आहे असं त्यांनी रजिस्टरमध्ये तीनदा लिहिलं, तिसऱ्यांदा लाल पेनने. मग तांब्याची केबल चोरीला गेली. मेमो वडिलांना. रजिस्टर "सापडत नाही". तुमचे कप्तान आणि करार ठेवा तुमच्याजवळ.

तिरकस: यावर तिरकस काही सुचत नाही.

गलबत: वाय-१२ चं मी विसरलोच होतो. म्हणजे माझाच मुद्दा पक्का: दोन पाणबुडीवाले, दोन्ही वेळा भोकं.

इंजिनरूम: एनएनएसएचे पहिले प्रमुख जनरल गॉर्डन हवाई दलाचे होते. ती संस्थाच २००० मध्ये उभी राहिली ती प्रयोगशाळांतल्या सुरक्षेच्या बोंबांमुळे. म्हणजे भोकं आधीचीच. आणि हो, काढलं तेव्हा ब्रूक्स म्हणाले, निर्णय मला रुचला नाही, पण उत्तरदायित्वाचं तत्त्व मान्य आहे. निदान खापर खाली ढकललं नाही. "शिस्त आपोआप येते" हे वाक्य मी मागे घेतो. "आपोआप" तेवढं. शिस्त नाही.

गेट नं. २, वडिलांनी त्या पानाची नक्कल ठेवली होती का?

गेट नं. २: झेरॉक्स होती, शर्टाच्या खिशात. चौकशीत त्यांना आत बोलावलंच नाही.