मदत हवी आहे: सहावी-सातवीला प्रोग्रॅमिंग, मराठीतून आणि नेटशिवाय

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. यंदा संगणकाचा तासही माझ्याकडे आलाय. सहा चालू संगणक, तेही जुने, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारे. नेट असलं तर असलं. एकेका संगणकाभोवती चार-पाच मुलं.

आजवर या तासाला संगणकाच्या भागांची नावं, पेंटमध्ये झोपडी-डोंगर आणि टायपिंग एवढंच चालायचं. मुलं संगणक वापरतात, पण त्याला स्वतः काही सांगत नाहीत, आणि मला तेच हवंय. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. संगणकाने मुलाला वळण लावण्याऐवजी मुलाने संगणकाला शिकवावं, हे पॅपर्ट यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. प्रोग्रॅमिंग हा पुढच्या नोकरीचा विषय म्हणून नको, गणित कळण्याचं साधन म्हणून हवं.

म्हणून लोगोच्याच वळणाचं केटर्टल सुरू केलं; त्यात आज्ञा टाइप करून पडद्यावरच्या कासवाला चालवायचं, वळवायचं आणि त्याच्या वाटेने आकृती उमटते. समभुज त्रिकोण काढायला सांगितला. कोन 60 अंशाचा, म्हणून सगळ्यांनी 60 अंश वळवलं. तीन बाजू झाल्या तरी आकृती बंदच होईना, अर्धा षटकोन पडद्यावर! बरीच वादावादी झाली. शेवटी सातवीतली एक मुलगी उठली, फरशीवर स्वतः कासवासारखी चालली आणि कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "बाई, आपण आतला कोन नाही वळत, बाहेरचा वळतो." मग 120 घातले. पुढे पंचकोनाचे 72 त्यांनी मला न विचारता 360 ला 5 ने भागून काढले. बाह्यकोन फळ्यावर शिकवताना असं कधीच घडलं नव्हतं.

आता जिथे अडलंय ते सांगते.

सगळ्यात मोठी अडचण कीबोर्डची. तो गटातल्या एकाकडेच राहतो, बहुतेक वेळा मुलाकडे, आणि मुली मागे उभ्या राहून बघतात. घड्याळ लावून पाळी बदलली की विचाराची साखळी तुटते. एक सांगणार, एक टाइप करणार, एक वहीत आधी आकृती काढणार, अशी कामं वाटून कुणी तास चालवलाय का? चौथ्या-पाचव्या मुलाला काय द्यायचं?

दुसरं, आज्ञा. फॉरवर्ड, टर्नराइट पाठ होतात, पण स्पेलिंग चुकलं की मूल आपलंच गणित चुकलं असं समजतं. केटर्टलमध्ये आज्ञांचं भाषांतर करायची सोय आहे. मराठी आज्ञा कुणी वापरून पाहिल्यात का? स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत आज्ञांचे तयार ठोकळे जोडायचे असल्याने स्पेलिंगचा प्रश्नच नाही, पण स्क्रॅच 3 ची अधिकृत ऑफलाइन आवृत्ती लिनक्ससाठी नाही. जुनं 1.4 चालतं. त्यावर वर्ष काढावं का?

आकृत्यांनंतर काय, हेही विचारायचंय. शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज यांवर मुलांना स्वतः करून बघता येतील असे छोटे प्रोग्रॅम हवेत. नुसतं सूत्र टाकून उत्तर छापणारे नकोत, ते कॅल्क्युलेटरही करतो.

आणि पालक. त्यांना टायपिंग हवंय, पुढे एमएस-सीआयटीला उपयोगी पडेल म्हणून. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, गावात त्याच कागदाला किंमत आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आहे, हे मुख्याध्यापकांना दाखवलं, ते तयार आहेत. पालकसभेत मात्र धोरण वाचून भागणार नाही. तुम्ही काय दाखवलंत, मुलांकडून काय करून घेतलंत?

कुणाकडे तासाच्या टाचणवह्या, कृतिपत्रिका असतील तर कृपया द्या. इंग्रजीत असल्या तरी चालतील, मराठी मी करून घेईन आणि इथेच सगळ्यांसाठी टाकेन. दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होतंय, त्याआधी मिळालं तर फार बरं होईल.