सहावी-सातवीच्या पोरांच्या मनाचं पण आता मास्तरांनीच बघायचं का?

खडूफळा: परवा शिक्षण परिषदेत परत तेच, प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत, त्यांनी पोरांच्या भावनिक आरोग्याचे तास घ्यायचे. २०२० पासून ऐकतोय. मी बीडकडं झेडपी शाळेवर आहे, दिवाळी झाली की निम्म्या पोरांचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिललाच परत, पोरं आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात. मागच्या हंगामात सातवीतली एक पोरगी बोलायचीच बंद झाली, वही कोरी, विचारलं की "काय नाय सर". मी रोज बघत होतो पण काय करावं सुचेना. माझं म्हणणं एवढंच, वेगळा माणूस द्या. एक दिवस पीपीटी बघून कोणी समुपदेशक होत नाही, आणि खिचडी, बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम, ऑनलाईन माहिती भरणं यातून वेळ कुठला काढायचा?

चिंचेखाली: सर राग मानू नका, पण वेगळा माणूस म्हणजे कोण? आमच्याकडं एसटी दिवसातून दोनदा येते, तिथं पुण्याचा मानसतज्ज्ञ येणार आहे का! वेगळा माणूस मागायचा म्हणजे कोणीच मिळणार नाही. ती पोरगी गप्प झाली हे तुम्हालाच दिसलं ना. माझी आई गेली तेव्हा मला सातवीच्या बाईंनीच सावरलं, कुठला कोर्स नव्हता केला त्यांनी, मधल्या सुट्टीत शेजारी बसवून डबा संपवायला लावायच्या बस.

रानवाट: ताई, तशा बाई मिळणं हे नशीब झालं, त्यावर योजना कशी उभी करणार? बिहारमधे नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांवर हेच तपासून बघितलंय, गोव्याच्या संगथ संस्थेचा सेहेर प्रयोग. काही शाळांत मानसशास्त्राची पदवी नसलेला साधा माणूस ट्रेनिंग देऊन बसवला, काहींत तेच काम शिक्षकाला दिलं. चिठ्ठ्यांची पेटी, भित्तिपत्रक, एकेकट्याशी बोलणं असं सगळं. साध्या माणसाच्या शाळांत पोरांची उदासी आणि दादागिरी दोन्ही कमी झाली, शिक्षकांच्या शाळांत काहीच फरक पडला नाही. म्हणजे तज्ज्ञ नको, पण मास्तर पण नको.

चिंचेखाली: ते नववीच्या पोरांचं होतं. बारा वर्षांचं पोरगं पेटीत चिठ्ठी टाकेल का?

खडूफळा: टाकतात. मी चपलेचा खोका ठेवला होता. पहिल्या आठवड्यात शिव्या आणि "खिचडीत मीठ जास्त". मग एक चिठ्ठी आली, "आजी रात्री रडते मला झोप येत नाय". नाव नव्हतं पण अक्षर मी ओळखलं, वह्या मीच तपासतो ना. सगळी गोची इथंच आहे, पेटी उघडणाराच अक्षर ओळखतो, आणि तोच संध्याकाळी पारावर तिच्या चुलत्यासोबत चहा पितो. पोरं वेडी नाहीत, दुसऱ्या आठवड्यापासून खोका रिकामा.

निवांत_नाना: हे सगळं शहरी फॅड. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली की आईबाप घरी राहतील, पोरं आपोआप हसतील. पोटाचं बघा आधी.

रानवाट: नाना, अर्धं पटलं, पण उचल फिटेपर्यंत पोरगी बावीसची होईल, तिच्या लग्नाचं तर त्याच्या आधीच ठरवतील.

चिंचेखाली: बरं अक्षराचं पटलं मला. मग पेटीची चावी गावातल्या आशाताईकडं, आरोग्यसेविकेकडं द्या.

रानवाट: आशाताई पण गावातलीच सून, तिची जाऊ शेजारीच राहते. शेजारच्या गावची बारावी झालेली एखादी बाई, आठवड्यातून दोन दिवस, मानधन देऊन. फुकट नको, फुकट काम दोन महिन्यांत बंद पडतं. आणि चिठ्ठीत कोणी अंगाला हात लावल्याचं निघालं तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, कळवावंच लागतं, ते पेटीत ठेवून चालत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवायला हवं.

चिंचेखाली: १४४१६ आहे की, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी फोन हेल्पलाईन, फुकट, मराठीत पण बोलतात.

खडूफळा: ताई, घरातला मोबाईल बापासोबत उसाच्या फडात गेलाय. आजीकडं बटणाचा, तो पण बॅलन्स नसलेला.

चिंचेखाली: मग त्या पोरीचं पुढं काय झालं ते तरी सांगा.

खडूफळा: काही मोठं नाही केलं. शनिवारी संध्याकाळी तिची आई फडावरच्या कोपीवरून, म्हणजे झोपडीवरून, माझ्या फोनवर फोन करते, पाच-सात मिनिटं दोघी बोलतात, मी लांब उभा राहतो. तिसऱ्या शनिवारनंतर वहीत तारीख पडायला लागली. आता बाकीची चौदा पोरं पण रांगेत असतात, बायको म्हणते शनिवार शाळेलाच दान करा.