मदत हवी आहे: काउबॉयच्या 'डॅली'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, नेवाडातल्या गुराख्यांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय आणि गाडी 'डॅली' या शब्दावर अडलीय. शब्दकोश म्हणतो रेंगाळणे, चाळे करणे. इथे गडी भरधाव घोड्यावर, वासराच्या मानेत फास पडलाय, आणि हा म्हणे 'डॅली' घेतो! ही काय चाळे करायची वेळ आहे?

शोधल्यावर कळलं की मूळ स्पॅनिश आहे, 'दाले वुएल्ता', म्हणजे 'दे त्याला फेरा'. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानांनी त्याचं 'डॅली वेल्टर' केलं, मग शेपूट गळालं. खोगिराच्या पुढच्या बाजूला खुंटासारखं 'हॉर्न' असतं. फास पडला की हातातला दोर झटकन त्याला गुंडाळायचा, घड्याळाच्या उलट दिशेने, अंगठा वर ठेवून. दोर आणि हॉर्नच्या मध्ये अंगठा सापडला तर तुटूही शकतो, आणि असे अंगठे गमावलेले बरेच आहेत.

टेक्सासवाले दोराचं टोक हॉर्नला आधीच पक्कं बांधतात. कॅलिफोर्नियाच्या बाकेरोंची, म्हणजे स्पॅनिश वळणाच्या गुराख्यांची, 'रेआता' (फासाचा दोर) मात्र कच्च्या चामड्याच्या पट्ट्यांची वेणी, कधी ६० फूट तर कधी त्याहूनही लांब. एकदम हिसका बसला तर तुटते, म्हणून वेढ्यांवरून थोडी घसरू द्यायची. ('ला रेआता'चंच इंग्रजीत 'लॅरिअट' झालं. आणि बाकेरो, जो लिहिताना 'व'ने लिहितात, त्याचा झाला 'बकरू'. वाचताना मला दर वेळी शेळीचं पिल्लू दिसतं.)

'गाठ मारली' चालणार नाही, गाठ नसतेच. 'गुंडाळला' फार थंड वाटतं, 'विळखा घातला' म्हटलं की साप आठवतो. काही सुचतंय का?

प्रतिसाद १:
'वेढे मारले' घ्या. आमच्याकडे विहिरीत मोटार सोडताना दोराचे दोन वेढे बाभळीच्या बुंध्याला देतात आणि हळूहळू सैल सोडतात. वजन बाभळीवर, माणसाच्या हातात नुसता ताबा. वरून ओरडतात, "अजून एक वेढा मार!" तुमची डॅली तीच की.

धागाकर्ता:
अगदी हेच हवं होतं! 'फास पडताच त्याने शिंगाला दोन वेढे मारले.' फक्त 'शिंग' वाचून कुणी वासराचं समजायला नको.

प्रतिसाद १:
मग 'खोगिराच्या खुंटाला' म्हणा. आणि लेखात अंगठ्याचं असेल तर ते गाळू नका.