आर्मिस्टिस म्हणजे तह नव्हे
आर्मिस्टिस, म्हणजे लढाई थांबवण्याचा करार, झाला की युद्ध संपलं, असं काहीजण म्हणतात, ते पटत नाही. थांबते ती लढाई. युद्ध रीतसर मिटतं ते तह झाल्यावर. पहिल्या महायुद्धातला ११ नोव्हेंबर १९१८ चा आर्मिस्टिस मुळात फक्त ३६ दिवसांचा होता, पुढे त्याची मुदत वाढवत न्यावी लागली. व्हर्सायचा तह झाला थेट २८ जून १९१९ ला. कोरियात तर १९५३ च्या आर्मिस्टिसनंतर तह आजतागायत झालेला नाही.

शिवाय सही झाली म्हणून बंदुका लगेच थंडावतात असंही नाही. १९१८ ला सह्या पहाटे पाचच्या सुमारास झाल्या, अंमल मात्र सकाळी ११ पासून. मधल्या तासांत माणसं मरतच होती. अमेरिकेचा सैनिक हेन्री गुंथर १०:५९ ला पडला, हे वाचून आजही जीव कळवळतो.