सॉफ्टवेअरचं सगळं एकाच फोल्डरमधे की ओएस म्हणेल तिथं विखरून?

सातपूरचा_सिस्टिमवाला:
आमच्या कंपनीत ईआरपीचा (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर लिनक्सवर, रिपोर्टिंगचं मशीन विंडोजवर आणि साहेबांचा मॅक. मॅन्युअल उघडलं की विंडोजला प्रोग्राम फाइल्स, लिनक्सला स्लॅश ऑप्ट, मॅकला ॲप्लिकेशन्स, कॉन्फिग म्हणजे सेटिंग तिसरीकडं, लॉग म्हणजे नोंदी चौथीकडं. मी म्हणतो सगळं एका फोल्डरात टाका, बिन (प्रोग्राम), कॉन्फ (सेटिंग), डेटा, लॉग, आतली रचना सगळीकडं सेम. रात्री दोनला फोन आला तर झोपेत पण सांगता आलं पाहिजे फाइल कुठंय ते.

अंबड_नाइटशिफ्ट:
झोपेतच सुचलेलं दिसतंय 😄 भाऊ, अपग्रेड केलंय का कधी तसं? आमच्या एका क्लायंटकडं वेंडरच्या पोरानं जुना फोल्डर उडवून नवा टाकला, कॉन्फ त्याच्याच आत, लायसन्स फाइल पण आत. शनिवारची सुट्टी बघून काम काढलेलं, रविवारी पहिल्या शिफ्टला डिलिव्हरी चलनच निघेना, गेटवर गाड्यांची लाइन. लिनक्सवाल्यांनी एफएचएस, म्हणजे कुठली फाइल कुठं ठेवायची त्याचं स्टँडर्ड, उगाच नाही लिहिलं. प्रोग्राम ऑप्टमधे, सेटिंग ईटीसी-ऑप्टमधे, रोज बदलणारा माल व्हार-ऑप्टमधे. बॅकअप शेवटच्या दोघांचा घ्यायचा, प्रोग्राम काय परत टाकता येतो.

सातपूरचा_सिस्टिमवाला:
पोरगं चुकलं, फोल्डरचा काय दोष? दर व्हर्जनचा वेगळा फोल्डर ठेवा आणि करंट नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडं बोट दाखवणारी पाटी) नव्याकडं फिरवा, बिघडलं की परत मागं.

गंगापूररोडकर:
म्हणजे नव्या फोल्डरात कॉन्फ दर वेळी हातानं कॉपी करणार, आणि एकदा विसरणार. विंडोजवर तर अजून मजा. प्रोग्राम फाइल्समधे लिहायला गेलं की व्हिस्टापासून यूएसी (परवानगी मागणारी विंडोजची सुरक्षा) आडवं येतं, आणि जुनं ३२ बिटवालं ॲप असेल तर विंडोज गुपचूप ती फाइल त्या युजरच्या व्हर्च्युअलस्टोर नावाच्या खासगी फोल्डरात ठेवतं. अकाउंट्सच्या मॅडमना नवा प्रिंटर दिसतोय, शेजारच्या लॉगिनला जुनाच, माझा अर्धा दिवस गेला त्यात. सगळ्या युजरांच्या सामायिक डेटासाठी प्रोग्रामडेटा फोल्डर कशाला दिलाय मग?

सातपूरचा_सिस्टिमवाला:
म्हणून तर मी थेट सी ड्राइव्हच्या रूटला, सगळ्यात वरच्या पातळीवर टाकतो, नावात स्पेस नाही. प्रोग्राम आणि फाइल्सच्या मधल्या त्या एका स्पेसनं माझ्या किती स्क्रिप्ट मेल्यात.

अंबड_नाइटशिफ्ट:
रूटला?? परमिशन बघितली का? तिथं केलेल्या फोल्डरात साध्या युजरला पण मॉडिफाय (फाइल बदलायचा हक्क) मिळतं, वरून येतं ते. तुमची सर्व्हिस सगळे अधिकार असलेल्या सिस्टिम अकाउंटनं चालत असेल तर कुणीही एक्झी (प्रोग्रामची फाइल) बदलून ठेवली की झालं कल्याण.

सातपूरचा_सिस्टिमवाला:
आत्ता रिमोटनं बघितलं. आहे मॉडिफाय. काढतो लगेच. फोल्डर मात्र हलवणार नाही.