बाथटबजवळ फोन ठेवावा का? सासऱ्यांसाठी हवाय, सल्ला द्या

उगाच_काळजी
नमस्कार मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण विचारतेच. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, गरम पाण्यात बसून आराम पडतो म्हणून ते रोज अर्धा तास टबमध्ये असतात, तेही आतून कडी लावून. मागच्या महिन्यात उठताना पाय घसरला, फारसं लागलं नाही पण हाका मारून मारून घसा बसला तरी आम्हाला पत्ता नाही, बाहेर टीव्ही चालू. तेव्हापासून नवऱ्याने डोक्यात घेतलंय की लँडलाइनची एक वायर आत ओढून टबच्या कडेलाच फोन ठेवायचा. मी म्हणते पाण्यात पडला तर शॉक बसेल, तो म्हणतो टेलिफोनच्या वायरीत कुठे करंट असतो. बाबांचं तिसरंच, त्यांना मोबाइल हवाय आणि तोही चार्जिंगला लावून, कारण बातम्यांचे व्हिडिओ बघायचे असतात आणि बॅटरी टिकत नाही. कोणाचं बरोबर? आणि नक्की काय घेऊ?

गुपचूप_वाचक
नवरा बरोबर. काहीतरी ४८ व्होल्ट असतात, ते पण डीसी. लहानपणी ती वायर हातात धरून खेळायचो आम्ही, काही झालं नाही.

निवृत्त_लाइनमन
खेळलात कारण नेमका तेव्हा कोणी फोन केला नाही 😀

जन्म गेला टेलिफोन लाइनीवर म्हणून सांगतो. रिसीव्हर ठेवलेला असताना लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतं हे खरं, उचलला की ते पाच-दहा व्होल्टवर येतं, करंट म्हणाल तर २० ते ५० मिलिअँपिअर. पण बेल वाजते तेव्हा एक्सचेंजमधून त्याच दोन तारांवर ७५ ते ९० व्होल्ट एसी येतं, सेकंदाला २०-२५ वेळा हेलकावे खाणारं. खांबावर चढलाय, उघडी तार बोटात आहे आणि नेमकी रिंग आली, हा अनुभव नसलेला लाइनमन मी तरी पाहिला नाही. कोरड्या हाताला झिणझिण्या येतात, शिवी तोंडातून जाते, काम पुढे चालू.

ओल्या अंगाचं मात्र तसं नसतं. कोरडी कातडी हजारो ओहमचा अडथळा करते, भिजून मऊ झालेली कातडी जवळजवळ काहीच करत नाही, मग शरीराचा आतला हजारेक ओहम किंवा त्याहूनही कमी एवढाच उरतो. रिंगने माणूस जाईल असं मी म्हणत नाही, लाइनचा करंट मर्यादित असतो. पण एकदा घसरलेला म्हातारा माणूस दचकून उठला तर काय होईल ते तुम्हीच बघा. हृदयाचा त्रास असेल तर विषयच नको.

आणि वीज. बाहेर कडकडाट चालू असताना तांब्याच्या लाइनीवरचा वायरवाला फोन कानाला लावू नये असं सांगतात ते उगाच नाही, लांब कुठे पडलेली वीजसुद्धा तारेवरून घरात येऊ शकते. टबात बसून तर नाहीच नाही. तसंही गडगडाटात आंघोळच टाळावी, धातूच्या पाइपातूनही येते ती.

(जाता जाता, लाइनवर मायनस ४८ असतं, प्लस बाजू अर्थला म्हणजे जमिनीला जोडलेली. ओलाव्यात तांबं गंजून झिजू नये म्हणून जुन्या लोकांनी शोधलेली युक्ती. विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

हळूच_विचारतो
मग हॉटेलात कमोडशेजारी फोन असतो तो कसा चालतो?

निवृत्त_लाइनमन
तो भिंतीत पक्का बसवलेला असतो, त्याला घरातल्या विजेची वायर नसते आणि सहसा टबमध्ये बसून हात पुरत नाही अशा जागी असतो. हात पुरला नाही की पाण्यात पडायचा प्रश्नच मिटला.

पॉझिटिव्ह_विचार
चार्जरमधून पण ५ व्होल्टच येतात ना? लोक उगाच घाबरवतात.

फेज_न_न्यूट्रल
@पॉझिटिव्ह_विचार अहो ५ व्होल्ट पिनच्या टोकाला, चार्जरच्या डबीत २३० बसलेत की! दोघांच्या मधे फक्त इन्सुलेशन. चांगल्या चार्जरमध्ये ते जाड आणि नीट अंतर राखून केलेलं असतं, भुक्कड चार्जरमध्ये वरचा न् खालचा सर्किटभाग एकमेकांना जवळपास चिकटलेला बघितलाय मी उघडून. ते फुटलं की केबलवरूनच २३० थेट मोबाइलला आणि मोबाइल ओल्या हातात. शिवाय केबल टबपर्यंत पुरत नाही म्हणून लोक एक्स्टेन्शन बोर्ड ओढतात आणि तो टबच्या कडेवर ठेवतात. टबमध्ये चार्जिंगचा मोबाइल घेऊन माणसं दगावली आहेत, आणि जीव घेतला तो मोबाइलने नाही तर भिंतीतल्या विजेने. नुसता मोबाइल पाण्यात पडला तर चार व्होल्टची बॅटरी आहे, मोबाइल मरेल, माणूस नाही.

ताई, तुमच्या तिघांत सगळ्यात धोक्याचं बाबांचं. नवऱ्याचं त्याच्या खालोखाल. तुमची भीती बरोबर, कारण थोडं वेगळं.

बाथरूमच्या वायरिंगचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात टबभोवती झोन आखलेत. टबच्या आतला शून्य, टबच्या वर जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीपर्यंत एक, आणि तिथून पुढे ६० सेंटीमीटर बाजूला दोन. या पट्ट्यात साधं सॉकेट बसवायचंच नसतं, आणि कित्येक देश तर याहून लांब ठेवायला लावतात. तुमच्या टबच्या हाताच्या अंतरावर सॉकेट असेल तर आधी वायरमन बोलवून ते काढून घ्या.

उगाच_काळजी
बापरे. सॉकेट आहे एक, आरशाजवळ, टबपासून दोन पावलं लांब. पण आमच्याकडे ट्रिप होणारा स्विच आहे ना, मग चालेल?

फेज_न_न्यूट्रल
कुठला? एमसीबी की आरसीसीबी? एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर पडते, माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिच्या खिजगणतीतही नाही. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं आणि ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं बघा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात तेवढा फरक पडला की ती क्षणात तोडते. बटण अधूनमधून दाबत जा, वर्षानुवर्षं न दाबलेली आरसीसीबी वेळेला अडकून बसते.

पण तिच्या जिवावर टबात चार्जर नेऊ नका. टब ॲक्रिलिकचा आणि पाइप प्लास्टिकचे असतील तर पाण्यातून अर्थला जायला वाटच नसते, आरसीसीबी गप्प. मग माणूस धातूच्या नळाला हात लावतो आणि ती वाट त्याच्यातून तयार होते. ट्रिप होईल हो, पण झटका बसल्यावर. कधी विजेचं काही पाण्यात पडलंच तर हात घालून काढायला जायचं नाही, आधी मेन स्विच.

निवृत्त_लाइनमन
+१. आणि टेलिफोनची लाइन तुमच्या बोर्डातून येतच नाही, तिला आरसीसीबी काय करणार.

थेट_बोलते
सगळं वाचलं. अहो ताई, आधी ती कडी काढा! फोन लागला, तुम्ही धावत आलात आणि दार आतून बंद, मग? बाहेरून नाण्याने उघडता येतं असं लॉक मिळतं ते बसवा, आणि टबजवळ भिंतीत पकडायला दांडा आणि खाली न घसरणारी चटई. आमच्या आईकडे हेच केलं, आणि फोनऐवजी बॅटरीवरची वायरलेस बेल. बटण तिच्या गळ्यात, बेल स्वयंपाकघरात. पडल्यावर माणूस नंबर लावत बसत नाही, एक बटण दाबतो. पाण्यात चालणारं बटण आहे ना तेवढं बघून घ्या.

फेज_न_न्यूट्रल
हे बेस्ट. फोनच हवा असेल तर कॉर्डलेस घ्या, बेस आणि त्याचा अडॅप्टर बाहेर हॉलमध्ये, आत फक्त हँडसेट. त्यात दोन-तीन व्होल्टचे सेल असतात, पडला तर हँडसेट गेला एवढंच. आयपीएक्स७ लिहिलेला मिळाला तर उत्तम, म्हणजे एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास टिकतो. गरम साबणाच्या पाण्याची हमी त्यात नसते हां. आणि बाबांना व्हिडिओ बघू दे की, मोबाइल आधी बाहेर चार्ज करून, वायर काढून.

उगाच_काळजी
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना 🙏 लँडलाइन रद्द. टेस्टचं बटण दाबलं तर स्विच पडलाच नाही, म्हणून तो बदलला आणि आरशाजवळचं सॉकेट काढून टाकलं. कडीवरून दोन दिवस अबोला झाला, शेवटी नाण्याचं लॉक बसलं. बेल आणलीये. काल पहिल्यांदा वाजली, मी हातातलं टाकून धावले, नाण्याने दार उघडलं, तर बाबा आरामात बसलेले. म्हणाले, टीव्हीचा आवाज कमी कर, मला माझ्या बातम्या ऐकू येत नाहीत.